दहाच्या आत, तीन प्रतींत

नोकरी मागायला मी बाबूजींच्या टेबलासमोर उभी राहिले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. हे मला इतकं नेमकं आठवतं याचं कारण माझी आठवण दांडगी आहे असं अजिबात नाही. मी काल कुठे चष्मा ठेवला ते आज सांगू शकत नाही. पण बाबूजींनी माझा अर्ज हातात घेतला, मान वळवून घड्याळ पाहिलं आणि अर्जाच्या डोक्यावर लाल पेनानं लिहिलं, 'मिळाला, सकाळी १०.१२'. तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. मग त्यांनी तो डाव्या बाजूच्या फायलीत सरकवला आणि म्हणाले, "उद्या ये."

"काऊन जी? आज काय झालं?"

"दहाच्या नंतर आलेला कागद उद्याचा धरतात."

"अहो, मी देवरीहून आले. बसच उशिरा सुटली."

"बसनं मले सूचना देल्ती काय, का मी उशिरा सुटून राहिली म्हणून?"

मी तणतणत बाहेर पडले. मावसबहिणीकडे मुक्काम ठोकला, रात्रभर त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी अर्ज काढला, वाचला. 'मला नोकरीची अत्यंत गरज आहे' असं मी लिहिलं होतं. त्यातलं 'अत्यंत' खोडलं. परत एकदा वाचून मान हलवली आणि समोरच्या टाइपरायटरवजा जुन्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"आता बरोबर हाय. बस."

ते होतं आमच्या आमदारांचं तालुक्याच्या गावातलं कार्यालय. लोक तिथे बदलीपासून बोअरवेलपर्यंत काहीही मागायला यायचे. बाबूजींचं काम मात्र एकच, सूचना लिहायचं. टीव्हीवर आपल्याला आमदार उभा राहिलेला दिसतो, हातवारे करताना दिसतो. पण मनात आलं म्हणून त्याला उठून बोलता येत नाही. कशाबद्दल बोलणार हे आधी लेखी कळवावं लागतं, ती सूचना. प्रश्न विचारायचा तर सूचना, ठराव मांडायचा तर सूचना, एखाद्या तातडीच्या गोष्टीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं तर लक्षवेधी सूचना. ठरलेल्या वेळेच्या आत, सहीनिशी, सांगितलेल्या प्रतींत. विषय एकच हवा आणि तो ताजा हवा. टोमणा नको, विशेषण नको, उगाच कुणावर ठपका नको. आणि लिहिलेल्या शब्दान् शब्दाच्या खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्याच्या डोक्यावर. यात कुठे चुकलं की सूचना नामंजूर होऊन परत, आणि तोवर अधिवेशन संपलेलं.

मी येण्याआधी तीन आमदार होऊन गेले होते, तिन्ही वेगवेगळ्या पक्षांचे. प्रत्येक जण निवडून आला की पहिल्या आठवड्यात जुनी माणसं काढायचा, त्यात बाबूजीही जायचे. मग पहिलं अधिवेशन यायचं, नव्या पोरांनी लिहिलेल्या सूचना धडाधड परत यायच्या आणि एक दिवस केशोरीच्या रस्त्यानं जीप बाबूजींच्या गावाला निघायची. बाबूजी पिशवी भरून ओसरीत बसलेलेच असायचे.

माणूस काटकुळा. पांढरा पायजमा, पांढरा हाफ शर्ट, खिशात तीन पेनं. निळं लिहायला, लाल वेळ टाकायला, आणि तिसरं कुणी मागितलं तर द्यायला. तिसरं चालत नसे.

वेळ टाकायचं वेड असं, की टेबलावर येईल त्या वस्तूवर ते वेळ टाकत. लग्नपत्रिकेवर टाकत, औषधाच्या बाटलीवर टाकत. एकदा कुणीतरी शेतातला कोहळा आणून दिला, तर त्याच्यावरही खडूनं 'मिळाला, ११.४०'. आम्ही हसून हसून मेलो. पण या वेडानं एकदा भलताच घोळ केला. आमदारसाहेबांच्या पुतण्याचं लग्न आणि आमच्या कार्यालयात झाडझूड करणाऱ्या बाईच्या मुलीचं लग्न, दोन्ही एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर. बाबूजींनी दोन्ही पत्रिका काढल्या. झाडूवाल्या बाईची पत्रिका तासभर आधी मिळालेली. झालं, बाबूजी तिकडे जाऊन अक्षता टाकून आले. साहेबांकडच्या लग्नात सगळे विचारताहेत, बाबूजी कुठे, बाबूजी कुठे. दुसऱ्या दिवशी साहेब तोंड फुगवून बसले तर यांनी सरळ पत्रिका नेऊन दाखवल्या. साहेब काय बोलणार, कप्पाळ?

विशेषणांशी त्यांचं हाडवैर होतं. 'भीषण', 'जाणीवपूर्वक', 'अक्षम्य' हे शब्द दिसले की ते पेन असं धरत, की मला शाळेतल्या छडीची आठवण यायची. सुरुवातीला मला वाटायचं, काय दगडाचा माणूस आहे! मग एकदा जंगलाच्या कडेच्या गावातली एक म्हातारी आली. त्या वर्षी हत्तींचा कळप आमच्या भागात उतरला होता आणि तिचं घर त्यांनी पार आडवं केलं होतं. ती आली तीच हंबरडा फोडत. बाबूजींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मला चहा सांगायला लावला आणि अर्धा तास नुसते ऐकत बसले. मध्येच तिच्याबरोबर त्यांचेही डोळे भरून आले. मग म्हणाले, "माय, आता सांग. हत्ती किती होते?"

"आता गा बाबू, मी पळू का मोजू?"

"शेजाऱ्यानं मोजले असन कोणी."

तिच्या शेजाऱ्याला फोन झाला, त्याच्या मेव्हण्याला झाला, वनरक्षकाला झाला. दुपारपर्यंत हत्तींचा आकडा, घराची लांबी-रुंदी, तारीख, सगळं कागदावर आलं. मी भारावून जाऊन टाइप करताना 'निराधार वृद्धेच्या डोळ्यांदेखत' असं घातलं. त्यांनी खोडलं.

"बाबूजी, पण तुम्हीच तर आता रडत होता!"

"रडणं इथं करावं, पोरी. कागदावर नाई. कागद ज्याच्या हाती जाते, तो रडणं पाहून बाजूले ठेवते. आकडा पाहून ठेवता येत नाई त्याले."

ते मी अजून विसरलेले नाही. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते, बरंच काही संगणकावरून जातं, पण आकडा मिळाल्याशिवाय मी सूचनेला हात लावत नाही.

दुसरा हट्ट एका सूचनेत एकच विषय, हा. तो त्यांनी माणसांनाही लावलेला. गोंदियाहून एक व्यापारी आला होता, खुर्चीवर टेकायच्या आत सुरू, "बाबूजी, रोड की हालत देखो, नाली देखो, लाईट तो पूछो मत, और वो तहसील का बाबू..." बाबूजींनी त्याच्यापुढे चार कोरे कागद ठेवले. "एक कागज पे एक बात, भैया. पहले कौनसी?" त्याला ठरवताच येईना. तासाभरानं तो नालीवर एक कागद लिहून निघून गेला, आणि नाली झाली बरं का.

घरीही तोच कारभार. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला मुद्दाम ऐकवलं. "संध्याकाळी याईच्याशी काही बोलाचं असन तर सकाळी बस पकडाच्या आत सांगा लागते. नाईतर म्हणतात, आजच्या कामकाजात नाई." आणि पानावर बसल्यावर बाबूजींकडे बघून सरकारी आवाजात, "आज भाजीत मीठ जास्त पडले आहे, हे खरे आहे काय?" बाबूजी घास गिळून म्हणाले, "हे अंशतः खरे आहे." दोघंही गंभीर. मला ठसका लागला.

आता भांडणांचं सांगते. बाबूजी भांडकुदळ होते. माझ्याशी तर आठवड्यातून दोनदा वाजायचं. पण विधिमंडळाचा एक नियम आहे, अधिवेशन संस्थगित झालं की राहिलेल्या सगळ्या सूचना आपोआप संपतात, म्हणजे व्यपगत होतात. पुढच्या अधिवेशनात नव्यानं द्यायच्या. बाबूजींनी तो नियम भांडणांनाही लावला होता. अधिवेशन संपल्याचं पत्र आलं की ते खुर्चीवरून उठून एकेकाकडे जायचे, वाहनचालकापासून साहेबांपर्यंत. "मागल्या सत्रातलं सारं व्यपगत झालं बरं का," असं म्हणून हात पुढे करायचे. तिथं मन वितळायचं हो. किती राग धरणार अशा माणसावर?

एकच भांडण मात्र व्यपगत झालं नव्हतं. सख्ख्या धाकट्या भावाशी. दोघांची घरं लागून, मधे नुसतं काट्याचं कुंपण, आणि नऊ वर्षं एकमेकांशी शब्द नाही. का, ते कुणी सांगत नव्हतं. मी एकदा विचारलं तर बाबूजी म्हणाले, "तो विषय न्यायप्रविष्ट हाय." कोर्टात काहीही नव्हतं, मी चौकशी केली होती.

त्यांच्या गावाला मोठा तलाव आहे. बाबूजींच्या वाडवडलांनी बांधलेला. त्यांचा समाजच तलाव बांधणाऱ्यांचा, आमच्या भागातले निम्मे तलाव त्यांचेच. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बाबूजी चप्पल काढून चालत. पाणी सोडायला पाळीच्या पोटातून दगडी मोरी काढलेली असते, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्या तलावाचं तुडुम नऊ वर्षांपूर्वी फुटलं होतं. दर वर्षी दिवाळीपर्यंत पाणी निघून जायचं. मी सांगतेय त्या वर्षी तर पावसाळा सरता सरता तुडुमाच्या वरची पाळच खचली. बैलगाडी मावेल एवढा खड्डा. पुढच्या पावसाळ्यात पाळ गेली असती तर खालच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, पस्तीस-चाळीस घरं पाण्यात. टोलीतली माणसं कार्यालयात येऊन हात जोडून बसायची. "बाबूजी, साऱ्या तालुक्याचं लिहिता, आपल्या गावाचं लिहा ना जी."

बाबूजी म्हणायचे, "पाहू."

मी मागे लागले. "अहो, अधिवेशन डिसेंबरात नागपूरला आहे. आता नाही तर कधी? मी टाइप करते, तुम्ही नुसतं सांगा."

"आपल्या गावाचं आपण लिहू नाई."

"हा कुठला नियम?"

"माहा."

मला त्यांचा अभिमान वाटला. किती निःस्वार्थी माणूस, वगैरे. मूर्ख मी!

नोव्हेंबरात, धानाची कापणी चालू असताना, एका सकाळी पावणेदहाला काकी कार्यालयात आल्या. त्या कधी येत नसत. डोक्यावर पदर, हातात वहीचे तीन कागद. टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि कागद पुढे केले. "सूचना हाय."

बाबूजींनी सवयीनं घड्याळ पाहिलं, लाल पेनानं वेळ टाकली आणि वाचायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. काकी सातवी शिकलेल्या, अक्षर टपोरं.

'आपल्या गावच्या तलावाचे तुडुम नऊ वर्षांपासून फुटले असून यंदा पाळ खचली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबत तुम्ही आजपर्यंत एकही सूचना लिहिली नाही, हे खरे आहे काय? असल्यास, न लिहिण्याची कारणे काय?' खाली सही.

बाबूजींनी लाल पेन हातात धरून ती सूचना तीनदा वाचली. प्रती मोजल्या. विशेषण शोधलं, नव्हतं. सही तिन्ही प्रतींवर होती. वाहनचालक दारात उभा राहून बघत होता.

"बरोबर हाय," बाबूजी अखेर म्हणाले.

"मंग उत्तर द्या. लेखी."

त्यांनी निळं पेन काढलं. पहिल्यापुढे लिहिलं, 'हे खरे आहे.' दुसऱ्यापुढे लिहिलं, 'हे खरे आहे.' तिसऱ्यापाशी पेन थांबलं. ते उठून मागच्या पडवीत निघून गेले.

मी चहा घेऊन मागे गेले. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"माह्या भावानं फोडलं ते," ते म्हणाले. "त्या साली पाऊस पळाला होता. धान निसवून राहिलं होतं, लोंब्या पोटात, आन पाणी नाई. त्याचा पाण्याचा नंबर चार दिवसांनं होता. भर दुपारी लोखंडी सब्बल घेऊन आला आन तुडुमाचे दगड हाणले. मी पायलं."

"मग?"

"मंग काय? लिहायचं तर खरं लिहा लागते, पोरी. 'जुने झाल्यामुळे मोडले' असं लिहिलं तर सही साहेबाची आन खोटं माह्यं. आन खरं लिहिलं तर सख्खा भाऊ. कसं लिहू?"

दारातून काकींचा आवाज आला. त्या केव्हाच्या येऊन उभ्या होत्या.

"कोणं फोडलं हे मले मालूम नाई असं वाटते काय तुमाले? साऱ्या गावाले मालूम हाय. पण मी तो विषय काढलाच नाई. एका सूचनेत एकच विषय ना जी तुमचा? माहा विषय पाळ हाय. टोलीतले लेकरं हायेत."

बाबूजी वळले. इतकी वर्षं लोकांना ऐकवलेला नियम आपल्यावरच येऊन आदळला, तर माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"लिहितो," ते म्हणाले. "पण पुरं लिहिन. आन त्याच्यावर आरोप येते म्हणून त्याले आधी सूचना द्या लागन. ज्याच्याविषयी बोलाचं त्याले आधी कळवाचं, हा सभागृहाचा नियम हाय."

"नऊ वर्षं तोंड पाहिलं नाही आणि आता सूचना देणार?" मी म्हणाले.

"हाव."

ती मीच टाइप केली. 'तलावाबाबत जी सूचना मी लिहिणार आहे तीत तुडुम लाभधारकांपैकी एका शेतकऱ्याने फोडले असे लिहीन. नाव लिहिणार नाही. तो शेतकरी तू आहेस. तुला काही म्हणायचे असल्यास उद्या सकाळी दहाच्या आत कळव.'

काकींनी मला संध्याकाळच्या बसमध्ये ओढूनच घातलं. "चाल तू पण. मधात परकं माणूस असलं म्हंजे आवाज चढत नाई." शेजारच्या घरी जायला कुंपणातून दहा पावलं होती, पण बाबूजी रस्त्यानं वळसा घालून समोरच्या फाटकानं गेले. कागद समोरच्या दारानंच द्यायचा म्हणे. धाकटा भाऊ अंगणात धानाचे भारे उतरवत होता. बाबूजींपेक्षा दुप्पट रुंद, केसात भुसा. भावाला फाटकात पाहून त्याच्या हातातला भारा तसाच राहिला.

बाबूजींनी कागद पुढे केला. "पोच दे."

"काय?"

"मिळाला म्हणून सही. खाली."

त्यानं न वाचताच सही ठोकली. बाबूजींनी आपली प्रत घडी करून खिशात घातली आणि परत फिरले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो उजेडाकडे कागद धरून, ओठ हलवत वाचत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात नऊपासून बसलो. त्याचं उत्तर येईल की तो स्वतःच येईल, मला काही अंदाज नव्हता. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. बाहेर सायकलची घंटी वाजली की मी उठायची. दहा वाजले. बाबूजींनी पाच मिनिटं जास्तीची दिली, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी आलं नाही. मग ते म्हणाले, "लिही," आणि मी लिहिलं. पाळ किती हात खचली, तुडुम कधी फुटलं, खाली घरं किती. आणि ते एक वाक्य, 'सदर तुडुम लाभधारकांपैकीच एका शेतकऱ्याने फोडले.' ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, पण बदललं नाही.

साहेबांची सही घेऊन बाबूजी स्वतः नागपूरला गेले. सूचना मंजूर झाली. पण छापून आलेला मजकूर घेऊन ते परतले तेव्हा मी अधाशासारखा वाचला आणि थबकले. बाकी सगळं होतं, ते एक वाक्य तेवढं नव्हतं. नियमात बसत नाही म्हणून तिकडे खोडलेलं.

माझं डोकंच फिरलं. "बाबूजी, तुम्हाला माहीत होतं ना हे खोडतील?"

"मालूम होतं."

"मग कशाला लिहिलं? कशाला त्याला कागद दिला? बिचारा कुणाला तोंड दाखवत नाही म्हणतात काकी!"

"खोडणं त्याईचं काम हाय. मले खोडाचा अधिकार नोहता."

साहेबांनी सभागृहात ती वाचली, मंत्र्यांनी पाहणी करून दुरुस्ती करू असं निवेदन केलं, टोलीत फटाके फुटले. बाबूजींच्या घरी मात्र सुतक असल्यासारखं. धाकटा भाऊ कुंपणापलीकडे दिसेनासा झाला होता. पहाटेच शेतात जायचा. बाबूजी संध्याकाळी ओसरीत बसून त्या कुंपणाकडे बघत राहायचे. काकी मला म्हणाल्या, "पाळ वाचली, पण भाऊ हातचा गेला वाटते."

उन्हाळ्यात पाहणीला एक तरुण इंजिनियर आला. सगळं गाव पाळीवर जमलं. मी साहेबांच्या वतीनं गेले होते. तलाव कोरडा, तळाला भेगा. इंजिनियरनं खड्डा मोजला, तुडुमाचे फुटलेले दगड पाहिले आणि फळीवर कागद लावून विचारलं, "हे तुटलं कसं? जुनं होऊन पडलं, असंच लिहू ना?"

सरपंच आभाळाकडे बघायला लागला. पस्तीस घरांची माणसं, सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांच्या नजरा आपापल्या चपलांवर. मी बाबूजींकडे पाहिलं. ते फुटलेल्या दगडांकडे बघत होते.

मागून गर्दी हलली. धाकटा भाऊ पुढे आला. अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा. इंजिनियरपुढे उभा राहून म्हणाला, "नाई साहेब. मी फोडलं. सब्बलनं. धान मरून राहिलं होतं, डोसकं फिरलं माह्यं. लिवा."

इंजिनियरच कावराबावरा झाला. "अहो काका, कशाला? इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?"

"यानं विचारलं," भावाकडे न बघता तो म्हणाला. "सही करून कागद देल्ला मले. दहाच्या आत जमलं नाई मले. आता सांगून राहिलो."

आणि मग बाबूजी चप्पल न घालता, त्या तापलेल्या मातीवरून, दोन पावलं पुढे आले.

"आन मी इथंच उभा होतो," ते म्हणाले. त्यांनी पायाखालची जागा दाखवली. "पहिला दगड पडला तेव्हाच पायलं मी. तो धाकटा होता, चिडला होता. मी मोठा होतो. एक आवाज देल्ला असता तर थांबला असता तो. नाई देल्ला. माह्या वावरातही पाणी जाऊन राहिलं होतं त्या मोरीतून, म्हणून चूप राहिलो. तेही लिवा."

इतके महिने मी समजत होते की ते भावाची चूक झाकताहेत. काकींकडे पाहिलं तर त्यांच्या तोंडावर पदर. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

धाकटा भाऊ एकदम वळला. "दादा, तू कायले आपलं नाव घालून राहिला?"

"खरं हाय म्हणून."

"एवढं सगळं लिहायला या कागदात जागा नाही हो," इंजिनियर बिचारा म्हणाला, आणि कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. तो काय लिहून गेला ते मी विचारलं नाही. पावसाळ्याआधी पाळ बांधून झाली.

काकींनी डोळे पुसले आणि सगळ्या गावादेखत ओरडल्या, "चला आता, भाकर थंडी होऊन राहिली. दोघंही चला." धाकट्याचं पान नऊ वर्षांनी त्या ओसरीत मांडलं गेलं, बाबूजींच्या पानाला लागून. दोघं मान खाली घालून जेवायला लागले. वरण वाढायला मी गेले तर धाकट्यानं हात आडवा केला आणि म्हणाला, "पहिले दादाले." बाबूजींनी वाटी पुढे केली, आणि वरण भरल्यावर ती धाकट्याच्या पानाशी सरकवली.